दाराशी मांडलेल्या चपला

दाराची कडी वाजली आणि शांत घर दचकलं. घरात कोणी नाही असं वाटावं म्हणून लेक सवयीने दारातल्या चपला पोटाशी धरून खाटेखाली सरकली.

आईने आधी फटीतून पाहिलं, मगच कडी काढली. नवऱ्याच्या माराला कंटाळून अंदमानच्या या बेटावर येऊन दोन महिने झाले, तरी कडी वाजली की तोच आठवायचा.

दारात शेजारच्या आजी होत्या, हातात ताजी मासळी. "बेटी, दिवसाढवळ्या कडी कसली लावतेस? इथे चोर आला तरी पळणार कुठे? चारी बाजूंनी समुद्र!"

तिला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. आजी गेल्यावर दार तिने सताड उघडंच ठेवलं. खारा वारा थेट चुलीपर्यंत आला.

लेकीने चपला पुन्हा दाराशी मांडल्या. मग धक्क्याला लागणाऱ्या बोटीकडे पाहत हळूच विचारलं, "आई, बाबांना बोटीत बसता येतं का गं?"