पाणी सोडणारा

वसाहतीत आठवडाभर नळाला टिपूस नव्हता. त्यामुळे पाणी सोडणारा माणूस चौकात व्हॉल्व्ह फिरवताना दिसताच शिंप्याचं पित्त खवळलं.

"आमचं तोडून वरच्या बंगल्यांना देतोस काय?" म्हणत शिंप्याने त्या माणसाच्याच हातातली व्हॉल्व्हची लोखंडी चावी हिसकावली आणि त्याच्या डोक्यात घातली.

"दादा, ऐका तरी," एवढंच तो म्हणाला. मग शेजारीपाजारीही तुटून पडले, आणि तो हलेनासा झाला तेव्हाच पांगले.

शिंपी धापा टाकत घरी आला. त्याचे रक्ताने माखलेले हात दिसण्याआधीच बायको मोरीतून आनंदाने म्हणाली,



"अहो, आत्ताच नळ आला. बिचाऱ्याने शब्द पाळला. आधी तुमच्याच गल्लीला पाणी सोडतो, असं सकाळी सांगून गेला होता."