मुकी कुंडी

“या कुंडीशी रोज बोलायचं, आणि त्या कुंडीशी चकार शब्द नाही,” नातीने बजावलं आणि आजोबांची खुर्ची गॅलरीकडे फिरवून ठेवली.

दोन्ही कुंड्यांत एकाच वेलाचे मनीप्लांट होते. बोलायच्या कुंडीच्या काठाचा टवका उडालेला, मुकी कुंडी धडधाकट. एवढाच काय तो फरक.

नात शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजवाले शाळेतल्या मोजक्या मुलांना बोलावतात, खऱ्या प्रयोगशाळेत काम करू देतात, आणि त्यासाठी आधी घरी एक प्रयोग करून दाखवावा लागतो. पोरीने त्या जागेचा ध्यासच घेतला होता. जेवताना तोच विषय, दात घासतानाही तोच.

आजोबांनी मान हलवली. हल्ली ते मानेनेच बोलत. जन्मभर टेलिफोन खात्यात खांबांवर चढून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली, पण घरात बोलायचं खातं बायकोकडे होतं. ती गेली आणि आजोबा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जेवलात का? मान. काही दुखतंय का? मान. सून एकदा म्हणालीही, बाबांपेक्षा भिंत बरी, ती निदान आवाज परत तरी देते. म्हणाली आणि लगेच डोळे पुसत आत गेली.

“मीच का?” आजोबांनी विचारलं.

“आईबाबा कामावर, मी शाळेत. झाडाला वेळ देणारं घरात दुसरं आहे कोण?” नातीने एक जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून कठड्यावर ठेवला. तुम्ही खरंच बोललात याचा पुरावा नको का, म्हणाली.

पहिल्या दिवशी आजोबा झाडाला म्हणाले, “बरं.” मग बराच वेळ विचार करून, “ऊन आहे.” समोरच्या इमारतीतून कुणी बघत नाही ना, याची खात्री करून ते आत आले.

मग त्यांनी युक्ती काढली. झाडाला पेपर वाचून दाखवायला लागले. पण पेपर वाचायचा आणि त्यावर तोंडसुख घ्यायचं नाही, हे कुणाला जमलंय? एक एक मंत्री, एक एक पूल, सगळ्यांचा त्यांनी झाडासमोर समाचार घेतला. त्यावरून जुन्या गोष्टी निघाल्या. भर वादळात खांबावर लटकून तार जोडताना त्यांना एका नवरा-बायकोचं भांडण ऐकू आलं होतं, आणि चूक सरळसरळ नवऱ्याची होती, हे झाडाला सविस्तर सांगून झालं. एका दुपारी तर, रात्री आपण अजूनही पांघरूण अर्धंच घेतो, उरलेलं तिच्या बाजूला सारून ठेवतो, हेही त्यांनी सांगून टाकलं. सांगून झाल्यावर बरं वाटलं.

संध्याकाळी नात यायची, मोबाइल उचलायची आणि कानाला लावून आपल्या खोलीत जायची. वेल मोजायची टेप खिळ्याला तशीच लटकलेली असायची. पोरगी सकाळी लवकर मोजत असेल, असं आजोबांनी धरून चाललं.

घोटाळा वेगळाच झाला. मुकी कुंडी तरारली आणि बोलकी रुसली. नवीन पान म्हणून येईना. पोरीची जागा जाणार, आणि तीही आपल्या बडबडीपायी! त्यांनी बोलक्या कुंडीत वापरलेली चहाची पत्ती घातली, मग अंड्याची टरफलं, मग शेजाऱ्यांकडून आणलेलं खत. इतके लाड झाल्यावर होती ती पानंही पिवळी पडली.

शेवटी एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी दोन्ही झाडं मुळांसकट उपटली आणि एकमेकांच्या कुंडीत लावून टाकली. सगळ्या आयुष्यात एकही खोटी जोडणी न केलेला माणूस, म्हातारपणी झाडाची चोरी करत होता.

नात घरी आली. शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लांबून हेरणारी ही पोरगी, पण टवक्याच्या कुंडीत एका दिवसात भरगच्च वेल आलेला तिला दिसलाच नाही. उलट, “छान चाललंय हं आजोबा,” म्हणाली. आजोबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मन दुसरीकडे वळावं म्हणून त्या रात्री ताटावर त्यांनी मुलाला ऑफिसची खबर विचारली. सुनेला म्हणाले, आज भाजी झकास झालीय. सुनेचा वाढता हात तसाच थांबला. नात मान खाली घालून जेवत राहिली.

रविवारी सगळे घरात असताना कॉलेजच्या बाईंचा फोन आला. नातीने स्पीकर लावला. बाई म्हणाल्या, निवड झाली, प्रयोग आम्हाला फार आवडला. सुनेने लेकीला मिठी मारली. आजोबा मात्र उठून उभे राहिले. उद्या हे उघडकीला आलं तर पोरगी खोटारडी ठरणार. त्यांनी नातीच्या हातातून फोन काढून घेतला.

“बाई, मी तिचा आजोबा. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या पाठीमागे झाडाला खत मी घातलं, ते सुकलं तेव्हा झाडांची अदलाबदलही मीच केली. प्रयोग मी बिघडवलाय. काय शिक्षा करायची ती मला करा, पण तिची जागा काढून घेऊ नका. फार मेहनतीची आहे हो पोरगी.”

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“झाडं?” पलीकडून बाई म्हणाल्या. “आजोबा, तिच्या प्रयोगात झाडं नाहीतच. रोज तुम्ही किती बोललात, तेवढंच आहे.”