काळी पोत

भूमेश्वरी घाबरणाऱ्यांतली नव्हतीच मुळी! कुडव्याच्या वळणावर तिनं भर दुपारी स्कूटी थांबवली, गळ्यातली मंगळसूत्राची काळी पोत काढली आणि डिक्कीत टाकली. झालं! जातीबाहेरचा म्हणून माहेरच्यांनी नाकारलेला टिकेश गोंदिया स्टेशनवर वाट बघत होता. नवरा, धर्मेंद्र, वाईट नव्हता. पण ती कधी मनानं त्याची झालीच नव्हती.

ओढणी सारखी करायला तिनं गाडीच्या आरशात पाहिलं. आरशात पोत गळ्यातच होती.

तिनं गळा चाचपला. मोकळा.

"ऊन लागलं वाटते मले," म्हणत ती हसली आणि निघाली.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा आरशात नजर गेली. मागे एक स्कूटी तिच्याच घराच्या दिशेनं चालली होती. तीच गाडी, तीच गुलाबी ओढणी.

"असन कोनी!"

स्टेशनवर तिचा मोकळा गळा बघून टिकेश म्हणाला, "फेकून दे ना वो ते पोत आता." तिनं डिक्की उघडली. डिक्की रिकामी होती.

तिनं डिक्की आपटून बंद केली. चोरासारखं पळायचं नव्हतं तिला. तिनं धर्मेंद्रला फोन लावला. "ऐका जी, मी वापस नाही येत. टिकेशसंग जाऊन राहिली."

धर्मेंद्र खळखळून हसला. "आतून फोन करून काऊन मजाक करून राहिली वो? आत्ताच तं आली तू. चाय झाली का?"

आणि त्याच्या मागून, स्वयंपाकघरातून, भूमेश्वरीला तिचाच आवाज ऐकू आला, लाडिक पण ठाम:

"कोनाचा फोन हाय जी?"