बुडबुडे

नातू दिवस भरायच्या आधीच जन्मला होता. त्याच्या नाकाला लावलेल्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं होतं आणि तिथून सारखे बुडबुडे निघत होते. आजोबांच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर पंक्चर काढणाऱ्या माणसाला पाण्यातले बुडबुडे काय सांगतात, हे शिकवायला नको. “सिस्टर, हवा गळतेय.” “गळत नाही आजोबा. बुडबुडे आहेत म्हणजे बाळाच्या छातीत हवा टिकतेय.” वेड्यात काढतेय! गरीब बघून फुटकी नळी गळ्यात मारलीय. तेवढ्यात बुडबुडे थांबले. “भोक बुजलं एकदाचं!” आजोबांचा जीव भांड्यात पडला. सिस्टर मात्र धावत आली. बाळाचं तोंड उघडलं होतं, हवा तिथून निसटत होती. तिने हनुवटी अलगद वर धरताच बुडबुडे परतले. “इथे बोट ठेवा, आजोबा.” काळपट बोट टेकवून आजोबांनी बुडबुड्यांवर डोळे वटारले, “आता थांबून तर बघा!”