हसल्यावर बघायचं कोणाकडे

चारचौघांत हसू फुटलं की माणूस नकळत आपल्या माणसाकडे बघतो. जीभ खोटं बोलेल, नजर बोलणार नाही, आणि नजरेचं गणित मांडता येतं. महेंद्रचा हा सिद्धांत माणसाच्या काळजाचा ठाव घेणारा होता. त्यासाठी सध्या त्याला फक्त विनोद कमी पडत होते.

वर्षावास सुरू होता. अंबरनाथच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चाले, आणि वाचणारे महिपती गुरुजी निवृत्तीनंतर आणखीच गंभीर झाले होते. आठवडाभरात सभा एकदाच हसली, तीही माईक शिट्टी मारू लागला म्हणून. एवढ्यावर काय सिद्ध होणार? महेंद्र उल्हासनगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. त्यानं गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, मधूनमधून एखादा विनोद टाका. तरुण पोरं टिकतील."

"मला कुठं येतात?"

"मी देतो ना लिहून."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी शोकसभेच्या आवाजात सांगितलं, "बारवी धरण भरलं म्हणतात. आपले नळ कोरडे, कारण आपलं पाणी ते बघायला गेलंय."

अख्खी सभा हसली. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसलेली शीलाही हसली, आणि हसता हसता तिनं मान वळवून पुरुषांकडे पाहिलं. धम्मदीपकडे.

विनोद महेंद्रचा होता. हे त्याला जास्त झोंबलं.

धम्मदीप एमआयडीसीत ऑपरेटर. पोट सुटलेलं, अर्धं वाचन डुलक्यांत जायचं. पण शीलानं पाहिलं की त्याची झोप उडायची आणि विनोद न ऐकताच तोही तिच्याकडे बघून हसायचा. असल्या माणसात बघण्यासारखं काय, हे कुठल्याच सूत्रात बसेना.

"सर, मान मोडून बायांकडे काय बघता?" शेजारच्या हिरामणनं विचारलं.

"डेटा घेतोय."

"सगळा डेटा दुसऱ्याच रांगेत आहे का?"

या दोघांत काही नाही, असंच महेंद्रनं आधी धरलं होतं. शास्त्राची रीतच ती. आधी 'काही नाही' धरायचं, आणि आकड्यांनी खोडलं तरच सोडायचं. सोडायला त्यानं फार वेळ लावला. महिनाभर विनोद पुरवले. धम्मदीप सेकंड शिफ्टला असला की शीला हसून त्याच्या रिकाम्या जागेकडे बघायची, तेही मोजलं. महेंद्रकडे तिनं एकदाच पाहिलं. त्याच्या डोक्यावरचा पंखा करकरला तेव्हा. हा सगळा योगायोग असण्याची शक्यता हजारात एकाहूनही खाली गेली. ज्या शक्यतेच्या भरवशावर त्यानं आयुष्याची मांडणी केली, तिचं हे उत्तर आलं होतं.

पौर्णिमेला विहारात खीर वाटली. चपलांपाशी महेंद्रनं शीलाला थांबवलं.

"एक विचारायचं होतं. धम्मदीपबद्दल."

"त्यानं आता काय केलं?"

"तू हसलीस की त्याच्याकडे बघतेस. दर वेळी."

शीलानं चप्पल पायात सरकवली. "बघत असेन. मोजलंस की काय?"

"मोजलं."

"मग? काय आलं उत्तर?"

"तुझा त्याच्यावर जीव आहे."

"आहे ना," ती म्हणाली. "एवढ्यासाठी महिनाभर गुरुजींना छळलंस? मला विचारायचं."

"मला वाटत होतं, नसेल."

शीलानं दुसरी चप्पल घातली. "माहितीये मला. तुझी आई परवा माझ्यापाशी रडली. आता तरी तिचं ऐक, महेंद्र. बदलापूरची ती मुलगी बघून ये."

तेवढ्यात धम्मदीपनं स्कूटर चालू केली आणि लांबूनच विचारलं, "दादा, खीर घेतली का?"

महेंद्रनं मान हलवली. शीला आणि धम्मदीपच्या लग्नाला येत्या मे महिन्यात अकरा वर्षं होणार होती. पंगतीत बुंदी महेंद्रनंच वाढली होती.