पटाशीचा जोड

लोहाराची भट्टी आता त्याची लेक चालवायची. सुतारानं आपली पटाशी पुन्हा तिच्यापुढे ठेवली.

“धार टिकत नाही. पोलादाचा जोड सुटला असेल.”

तिनं पटाशी ऐरणीवर वाजवून पाहिली. आवाज खणखणीत आला.

“जोड पक्का आहे. आणि लाकूड तासून धार अशी जात नाही. ही मुद्दाम दगडावर घासून बोथट करून आणलीय तुम्ही.”

सुतार गोरामोरा झाला. “मग... नवीनच करून द्या.”

तिनं लोखंडावर पोलादाची पट्टी ठेवून दोन्ही पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवली आणि बाहेर काढताच हातोडा हाणला.

“जोड गरम असतानाच बसतो. नुसतं बघत राहिलं तर गार होतं सगळं.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाबा आज घरीच आहेत. मागणी घालायची तर आजच घाला.”