आमच्या घराण्यात कुणाला नाही

"आईकडून," लेकीने तोंड उघडायच्या आत वकीलसाहेबांनी उत्तर देऊन टाकलं.

घरात आणखी कुणाचे केस असे विरळ झालेत का, एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि तेही लेकीला. ती स्टुलावर मान घालून बसली होती. तिच्या भांगावर भिंगाचं छोटं यंत्र टेकवलेलं होतं आणि समोरच्या पडद्यावर तो भांग हातभर रुंद दिसत होता.

"हिच्या मामाचं डोकं तिशीतच गुळगुळीत झालं होतं," साहेब म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणाला नाही. माझंच बघा की." त्यांनी आपल्या दाट, काळ्याभोर केसांवरून अलगद हात फिरवला.

अलगदच. जोरात फिरवायची सोय नव्हती, आणि ती का नव्हती हे त्या खोलीत आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या वकिलीणबाईंना. गेली एकोणीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी, न्हाणीघराचं दार आतून लावून त्याच साहेबांचा केसांचा टोप उतरवत, धूत, वाळवत आणि टाळूवर नव्या चिकटपट्ट्या लावून पुन्हा बसवत. लेकीला कळता कामा नये, ही साहेबांची ताकीद. बापाचा मान राहायला हवा म्हणून त्यांनी ती पाळली.

सतराव्या वर्षी लेकीचे केस गळायला लागले, तेव्हापासून जेवताना टोमणे सुरू झाले. 'मामाची इस्टेट मिळाली बरं का!' 'तुझ्या आईकडचं रक्त, दुसरं काय?' वकिलीणबाई घासाबरोबर तेही गिळत. लेक आधी हसायची. मग तिने पोहणं सोडलं, कारण ओल्या केसांतून टाळू दिसते. कपाटभर पदकं आणलेली पोर. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग उचललं. "हे एकाच बाजूने येतं असं काही नाही. आईकडून येतं, वडिलांकडून येतं, दोघांकडूनही येतं. केसाचं मूळ हळूहळू लहान होत जातं. दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक उगवतो. शेवटी नुसती लव उरते."

"मग उपाय?" लेकीने विचारलं.

"औषध आहे. टाळूला रोज लावायचं. बंद केलंस की पुन्हा गळायला लागतील. आहेत ते केस टिकतात, बारीक झालेले थोडे जाड होतात. पण मूळच मेलं असेल तिथे काही उगवत नाही." त्यांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. "चार-पाच वर्षं आधी आली असतीस, तर बरंच वाचलं असतं."

लेकीने बोटांनी भांग झाकला.

"आणलं असतं हो," साहेब म्हणाले, "पण रक्तातच खोट असल्यावर डॉक्टर तरी काय करणार? हिच्या आईला मी तेव्हाच सांगितलं होतं."

त्यांनी खरंच सांगितलं होतं. वकिलीणबाईंनी तीनदा डॉक्टरकडे न्यायचा विषय काढला होता, तीनदा साहेबांनी तो झटकून टाकला होता. आजची वेळ लेकीने स्वतःच घेतली, तर साहेब कोर्ट बुडवून बरोबर आले. पोरीच्या काळजीने आले असतील, असं वकिलीणबाईंना वाटलं होतं. आता त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. डॉक्टर घराण्याचं विचारणार, हे साहेबांना पाच वर्षांपूर्वीच माहीत होतं. आज ते फक्त उत्तर द्यायला आले होते.

वकिलीणबाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्या उठल्या. घाई केली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा मान खाली घ्या."

न्हाणीघरात त्या नेहमी ज्या आवाजात म्हणत, त्याच आवाजात म्हणाल्या. आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने वकीलसाहेबांची मान आपोआप खाली गेली.

त्यांनी टोपाची कपाळावरची कड नखाने उचलली. मग दोन्ही कानशिलांवरच्या पट्ट्या. मग एकच ओढ. चर्र आवाज झाला, आणि ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा साहेबांच्या टाळूवर चकाकला.

"अगं..." साहेबांचे दोन्ही हात डोक्याकडे धावले.

आणखी सावकाश सोडवायला हवा होता, असं वकिलीणबाईंना वाटून गेलं. पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या जिवाला गार वाटलं.

"डॉक्टरीणबाई, ते भिंग आता इथे लावा," त्या म्हणाल्या. "हात काढा हो. पोरीला नीट बघू द्या, कुठलं रक्त ते."

डॉक्टरीणबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली. मग भिंग साहेबांच्या टाळूवर टेकलं. पडद्यावर गुळगुळीत कातडी आली, कडेला चार-दोन बारीक, फिकट केस.

"हो, तोच प्रकार आहे," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि कागदावर 'वडील' लिहिलं होतं तिथे त्यांनी खूण केली.

साहेब जमिनीकडे बघत होते. लेकीने पडदा पाहिला, बापाचं डोकं पाहिलं. मग तिची नजर आईच्या हातांवर आली आणि तिथून हलेना.

"आई," ती म्हणाली, "हे इतकी वर्षं तू लावून द्यायचीस? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

वकिलीणबाईंची बोटं टोपाची दुमडलेली कड सरळ करत होती, केसांतला गुंता अलगद सोडवत होती. ती बोटं तिथल्या तिथे थांबली.